साडूच्या केबिनचं दार

कल्पना करा, भर उन्हात तुमच्यासमोर एक जुना हार्वेस्टर उभा आहे. रंग उडालेला, एका बाजूचा आरसा तारेने बांधलेला, पायऱ्यांवर वाळलेला चिखल. वर काचेची केबिन. खाली मालक उभा आहे आणि तुमच्या तोंडाकडे बघत म्हणतोय, "एसी चालतो, पण गार होत नाही." तुमच्या हातात पाना आहे. आता बोला, काय कराल?

तुम्ही म्हणाल, गॅस संपला असेल, भरून टाकू.

म्हणालात ना? सगळेच म्हणतात. आणि फौजदार जवळपास असता, तर पाहुण्याने पडद्याला हात पुसल्यावर घरची बाई जशी बघते, तसं त्याने तुमच्याकडे बघितलं असतं.

फौजदार कधी पोलिसात नव्हता. तो ट्रॅक्टरच्या आणि हार्वेस्टरच्या केबिनचे एसी दुरुस्त करायचा, तेही जुन्यातले जुने, ज्यांच्याकडे बघून शोरूमचे लोक हात झटकतात. मशीनला हात लावण्याआधी तो मालकाची उलटतपासणी घ्यायचा, म्हणून हे नाव पडलं. "कधीपासून गार होत नाही? आधी आवाज आला की आधी वास? शेवटचा हात कुणी लावला? नाव सांग. अडखळू नकोस." दहा मिनिटांत मालक कबूल करायचा, की भावाने फिल्टर धुतला होता, किंवा शेजाऱ्याने पाइपला हातोडी घातली होती. फौजदार मान डोलवायचा आणि मगच बॉनेट उघडायचा.

मोठ्या रस्त्याच्या कडेला त्याची पत्र्याची शेड होती. आत शिरलं की डाव्या हाताला एक भिंत, आणि तिच्यावर खिळे ठोकून टांगलेले निकामी भाग. तिला तो मूर्खांची भिंत म्हणायचा. साबणाने धुऊन उन्हात वाळवलेला एक कागदी फिल्टर, चामड्यासारखा कडक झालेला. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सगळ्या पात्या आडव्या झालेली एक जाळी. जुन्या तेलावर नव्या जातीचा गॅस भरल्यामुळे आतून जाम झालेला कॉम्प्रेसर. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी नव्हती, कारण गरज नव्हती. हे कुणाच्या हातून झालं, हे फौजदारला तोंडपाठ होतं, आणि शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला तो ते नावानिशी सांगायचा. ज्याचं नाव असेल तो समोर बसलेला असला, तर जरा जास्तच सविस्तर.

सर्वात जास्त राग गॅसवाल्यांवर. मोटरसायकलला सिलिंडर बांधून शेतोशेत हिंडणारी ही जमात. "एसीतला गॅस काय डिझेल आहे जळून संपायला?" फौजदार विचारायचा. "बंद नळ्यांत फिरतो बिचारा. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे. भोक शोधायचं सोडून गॅस भरणारा आणि फुटक्या घागरीत पाणी ओतणारा, दोघांची आई एकच."

लोकांना त्याची तिडीक यायची. आणि त्याहून जास्त तिडीक याची यायची, की तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

पण मूर्खपणातला पहिला नंबर त्याने बाहेरच्या कुणाला दिलेला नव्हता. तो मान घरातच होता. धाकट्या साडूला.

साडू म्हणजे फौजदारच्या बायकोच्या पाठच्या बहिणीचा नवरा. आडदांड, अबोल, जेवायला बसला तर ताटाशी मुक्काम ठोकणारा. त्याच्याकडे स्वतःचा हार्वेस्टर होता, मूळ मालकाने टाकून दिलेला, आणि हंगामात तो गावोगावचा गहू कापत फिरायचा. "सासऱ्यांनी एक पोरगी मेकॅनिकला दिली आणि एक थेट मशीनलाच," असं फौजदार भरल्या घरात म्हणायचा. साडू हसायचा आणि म्हणायचा, "बरोबर आहे तुमचं." टोमणा मारल्यावर समोरून टोमणा यावा, निदान डोळे तरी वटारावेत. हा माणूस दगडावर पाणी पडावं तसा बसून राहायचा. त्यामुळे फौजदार आणखी चवताळायचा.

त्या वर्षी कापणी नुकती रंगात आली होती. फौजदार एका ट्रॅक्टरखाली आडवा पडलेला असताना मेहुणीची स्कूटर शेडमध्ये शिरली.

"भाऊजी, हे पडले."

"कोण पडलं? कुठून?" ट्रॅक्टरखालून आवाज आला.

"हे. केबिनमध्ये. मशीन चालू, आणि हे स्टिअरिंगवर डोकं टाकून. मशीन बांध चढायला लागलं तेव्हा लोकांना कळलं. दोघं वर चढले, मशीन बंद केलं, यांना पाठीवर घेऊन उतरवलं."

फौजदार बाहेर सरकला. "आता कसे आहेत?"

"घरी आहेत. डॉक्टर म्हणाले, केबिनमधली उष्णता. पुन्हा असं झालं तर उठतीलच असं सांगता येत नाही, म्हणाले."

फौजदारला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याला वाईट वाटलं की त्याच्या तोंडून चांगलं काही निघत नसे. "केबिनला एसी, आणि माणूस उष्णतेने पडतो! विहिरीत राहून पारोसा राहणारा माणूस आहे तुझा नवरा."

मेहुणीने ते कानाआड केलं. लग्न झाल्यापासून तिला ती सवय होती. "मी स्पष्ट सांगायला आलेय. केबिन गार होणार असेल, तर ते वर चढतील. नाहीतर मशीन जाईल. भंगारवाल्याला निरोप दिलाय. परवा येतोय."

"साडू काय म्हणाले?"

"काय म्हणणार? 'बरोबर आहे तुझं' म्हणाले. आणि जाऊन मशीनच्या पायरीवर बसले. जेवायला हाक मारली तर आले नाहीत."

ताटाशी मुक्काम ठोकणारा साडू जेवायला उठला नाही, हे ऐकून फौजदारने हातातला पाना खाली ठेवला. साडूला दुसरं कुठलं काम येत नव्हतं हे त्याला माहीत होतं. जमिनीवर उभा असला की हात कुठे ठेवावेत, हेसुद्धा त्या माणसाला कळत नसे. केबिनमध्ये मात्र तेच हात लोण्यातून सुरी फिरावी तसे फिरायचे. ही गोष्ट फौजदारने कुणाजवळ कधी कबूल केली नव्हती, पण बघितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हत्यारं घेऊन साडूच्या अंगणात हजर झाला. बायकोही सोबत आली. "तुम्ही मशीन बघा, मी माणूस बघते," असं म्हणून आली.

साडू पायरीवर बसलेला होता. चेहरा उतरलेला. फौजदारने तपासणी सुरू केली.

"शेवटचा हात कुणी लावला?"

"गॅसवाला आला होता."

"अस्सं. भरला?"

"भरला."

"गार झालं?"

"नाही."

"मग तो पुन्हा आला?"

"आला."

"आणि पुन्हा भरला?"

"भरला."

"साडू, विहीर आटली की तुम्ही पोहरा बदलता का हो?"

"बरोबर आहे तुमचं."

"माझं बरोबर आहे हे मला ठाऊक आहे! माझ्याकडे का नाही आणलं मशीन?"

साडू पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही बोलता."

मागे फौजदारची बायको पदर तोंडाला लावून खोकल्यासारखं करत वळली.

फौजदारने दोन गेज जोडली, एक कमी दाबाचं, एक जास्त दाबाचं. इंजिन चालू केलं. गॅसवाल्याने हौसेने कोंबलेला जादा गॅस आधी आपल्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला. दोन्ही काटे जागेवर आले. कॉम्प्रेसर घुमत होता, पट्टा ताणलेला होता, पुढची जाळी मोकळी होती. केबिनकडे जाणारी जाड नळी त्याने मुठीत धरली. गार होती, वरून घाम सुटला होता. म्हणजे गारवा केबिनच्या उंबऱ्यापर्यंत व्यवस्थित पोचत होता. आणि आत मात्र भोकांतून येत होती ती कोमट, कुणी तोंडावर फुंकर मारावी तशी हवा.

इथे गॅसवाला हरतो. फौजदार हरत नाही. केबिनच्या छतात एकच पेटी असते आणि तिच्यात शेजारी शेजारी दोन वेटोळी: एक गार करणारं, एक गरम करणारं. गरम वेटोळ्यात इंजिनाचं उकळतं पाणी फिरतं. ते बंद ठेवायला एक पितळी कॉक असतो. या भागात हीटर कुणी लावत नाही, त्यामुळे तो कॉक आहे हेच लोक विसरलेले असतात. फौजदारने हीटरची नळी चिमटीत धरली आणि हात झटकला. चटका बसला होता.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला!" तो ओरडला. "एसी बिचारा गार करतोय, आणि शेजारी हीटर तीच हवा तापवतोय. हा कॉक कुणी फिरवला?"

"गॅसवाल्याने. म्हणाला, बघू हा कशाचा आहे."

"कळला का त्याला?"

"नाही. म्हणाला, असू दे."

कॉक आतून झिजलेला होता. नुसता गोल फिरायचा, पाणी अडवायचा नाही. फौजदारने त्याला काढून टाकलं, दोन नळ्या एकमेकींना जोडून हीटरला वाटेतून हद्दपार केलं. थोड्याच वेळात छतातून जी हवा उतरली, तिने मेहुणीच्या हातावर काटा आणला.

"आता हे दार," फौजदार म्हणाला. दाराचं रबर केव्हाच झडून गेलं होतं, आणि मुठीला एक सुतळी होती, दार उघडं बांधून ठेवायची. "ही सुतळी अजून आहेच? दार उघडं टाकून चालवायचं सोडलं नाहीत?"

"बंद केलं की डोकं चढतं."

"चढायला आधी असावं लागतं."

"अहो," त्याची बायको म्हणाली, "आजारी माणूस आहे."

"म्हणूनच कमी बोलतोय."

त्याने सुतळी कापून फेकली. चौकटीला चारी बाजूंनी नवं जाड रबर बसवलं. दार लावलं तेव्हा भप्प असा आवाज आला. धूळ जायला जागा नाही, हवा जायला जागा नाही. आपल्या कामाकडे बघून त्याने टाळूला जीभ लावून टॉक केलं. कौतुक करायला दुसरं कुणी लायक नव्हतं, म्हणून ते तो स्वतःच करायचा.

एवढ्यात भंगारवाला आला. तो एक दिवस आधीच आला होता, कारण मेलेल्या मशीनचा वास त्याला लांबून येतो. तो हार्वेस्टरभोवती फिरून पत्र्यावर बोटाने टकटक करायला लागला.

"आधी मरू तर दे," फौजदार म्हणाला.

"चालू द्या तुमचं. मला घाई नाही," भंगारवाला म्हणाला आणि सावलीत टेकला.

फौजदारने इंजिनाचा वेग वाढवून ठेवला, कापणीच्या वेळी असतो तेवढा. "चला साडू, वर. दार लावून बसा. घाम आला तर माझं नाव बदला."

साडूने एक पाय पायरीवर ठेवला. दुसरा काही उचलेना. "दार थोडं उघडं ठेवू का?"

"फ्रिजचं दार उघडं ठेवून घर गार करणार?"

"त्या दिवशी बंद होतं."

"म्हणून तर झालं! एसी गरम हवा टाकतोय आणि तुम्ही दार लावून बसलात. भट्टीत बसून झाकण लावलंत. भाजलात. आता भट्टी विझली की नाही?"

 साडूने मान हलवली. पण पाय उचलला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता, सावलीत उभा असूनही.

मेहुणी बराच वेळ नवऱ्याकडे बघत होती. ती वळून भंगारवाल्याला म्हणाली, "दादा, बघून घ्या तुम्ही. यांच्याने होणार नाही आता." तिचा आवाज कोरडा होता. साडूने पायरीवरचा पाय खाली घेतला.

"थांब!" फौजदार म्हणाला. "लग्नाच्या घोड्यासारखा बुजतोय हा माणूस, आणि त्यासाठी चांगलं मशीन भंगारात? मी बसतो. सगळ्यांसमोर बसतो. बघा जिवंत उतरतो की नाही."

तो वर चढला. भप्प. दार लागलं.

आत स्वर्ग होता. कपाळावर गार झोत, खाली काचेतून दिसणारी माणसं लहान आणि मुकी. इंजिन पाठीमागे घुमत होतं. फौजदारने पाय पसरले आणि मनातल्या मनात एकेकाचा समाचार घ्यायला सुरुवात केली. गॅसवाला: शेंडा ना बुडखा. डॉक्टर: उष्णता म्हणाला, पण उष्णता कुठून आली हे विचारायची अक्कल नाही. भंगारवाला: गिधाड. साडू: काय बोलणार, नात्यातला आहे.

कानशिलं ठणकायला लागली, तेव्हा त्याला वाटलं, सकाळपासून उन्हात आहे. तोंडाला पाणी सुटून मळमळायला लागलं, तेव्हा वाटलं, घाईत खाल्लं. मग खालची माणसं थोडी डावीकडे सरकली, कुणी न चालता. दाराची मूठ हाताशी होती. पण खाली सगळे वर बघत होते, आणि भंगारवाला तर जांभई देत बघत होता. आत्ता दार उघडलं असतं, तर साडू बरोबर ठरला असता. साडू बरोबर आहे असं जग फौजदारला नको होतं. तो हसून बसून राहिला.

ते हसूच त्याच्या बायकोला खटकलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याला कारण नसताना हसताना बघितलं नव्हतं. ती कधी मशीनवर चढलेली नव्हती; त्या दिवशी साडी खोचून चढली आणि दार ओढलं. फौजदार तिच्या अंगावरच कलंडला. साडूने खालून दोघांना झेललं. जमिनीवर टेकताच फौजदारच्या पोटात होतं तेवढं सगळं बाहेर पडलं, बरंचसं भंगारवाल्याच्या चपलांवर.

"केबिन... गार झाली ना?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"तुम्हीच गार झाला असता!" बायको रडता रडता ओरडली.

मेहुणीने पाणी आणलं. त्याच्या तोंडावर मारायला ती वाकली आणि तशीच थांबली. तिने त्याच्या खांद्याशी नाक नेलं.

"भाऊजी, तुमच्या शर्टाला तोच वास."

"कसला? मशीनवर बसल्यावर अत्तराचा येईल का?"

"डिझेलचा नाही म्हणत मी. धुराचा. यांचे कपडे मी दोनदा भिजवते तरी जात नाही. आधीच्या हंगामात असा नव्हता."

फौजदारने शर्ट ओढून हुंगला. त्याला काही कळलं नाही. साडूनेही हुंगला. त्यालाही नाही. आयुष्यभर इंजिनाशी नाक लावून जगलेली ही माणसं. त्यांना धुराचा वास येणं म्हणजे माशाला पाण्याचा वास येणं. एसी बिघडला की ही जमात गॅस बघते, पट्टा बघते, जाळी बघते. हवेचा वास बघायचा असतो हे कुणाच्या गावी नसतं.

फौजदार डोकं धरून बसला होता. मग उठला, धडपडत मशीनच्या मागे गेला. केबिनच्या पाठीशीच इंजिन होतं. धुराच्या नळीच्या सांध्यावरचं पॅकिंग उडालेलं होतं. तिथून निघालेला काजळीचा एक पट्टा पत्र्यावरून सरळ वर गेला होता, आणि केबिनच्या मागच्या भिंतीतल्या जाळीच्या भोकापाशी संपत होता. त्या भोकातून ब्लोअर बाहेरची हवा आत ओढायचा. दार उघडं असलं की धूर आला तसा निघून जायचा. दार बंद केलं की साठायचा.

फौजदारला त्राण नव्हतं, पण राग होता. "हे भोक इथे कुठल्या गाढवाने पाडलं? हवेची वाट छतावर असते! ज्याने हे मशीन बनवलं, त्याने ती छतावर दिली होती! इंजिनाच्या गांडीला नाक लावून ठेवलंय! कुणी केलं हे? नाव सांगा!"

 साडू घसा साफ करून म्हणाला, "तुम्हीच."

"काय?"

"मशीन आणलं त्या वर्षी. छतावरून भुसा येतो, फिल्टर तुंबतो, म्हणालात. बनवणाऱ्यांना शेत माहीत नसतं, म्हणालात."

फौजदारने भोकाची चौकट बघितली. वेल्डिंगचा धागा कोपऱ्यावर येऊन किंचित जाड होत होता. स्वतःचं अक्षर ओळखावं तसं त्याने ते ओळखलं. आणि युक्ती खोटी नव्हतीच. इंजिनाच्या गरम वाऱ्याने तिथे भुसा फिरकत नसे, फिल्टर वर्षानुवर्षं कोरा राहिला होता. पॅकिंग धड होतं तोवर सगळं ठीक होतं. पॅकिंग एक दिवस जाणारच, हे मात्र ज्याला कळायला हवं होतं, तो भुशाला हरवल्याच्या आनंदात होता.

"मग ही चौकट पण तुमच्या भिंतीवर टांगायची का?" चपला पुसत भंगारवाल्याने विचारलं. भिंत त्यालाही माहीत होती. सगळ्यांनाच माहीत होती.

फौजदारने पाना उचलला. तो संध्याकाळपर्यंत खपला. सांध्याला नवं पॅकिंग घातलं, मागचं भोक पत्रा लावून कायमचं बुजवलं, छतावरची जुनी वाट मोकळी केली. मध्येच बायकोने पाणी पुढे केलं तर तेही एका घोटात संपवून भांडं परत दिलं. मग इंजिन चालू करून मेहुणीला वर बोलावलं. "ये. नाक घेऊन ये. इथे नाक तुझंच चालतंय." तिने केबिनमध्ये डोकं घालून हुंगलं, दार लावून हुंगलं, पुन्हा एकदा हुंगलं. "नाही," ती म्हणाली. "आता नाही."

साडू चढला. दार लावलं. दोघी बहिणी दोन बाजूंनी मूठ धरायच्या तयारीत उभ्या राहिल्या. साडूने मशीन अंगणातून काढून रस्त्यापर्यंत नेलं, वळवून आणलं, तसाच आत बसून राहिला. खूप वेळाने उतरला.

"डोकं?" फौजदारने विचारलं.

"आहे," साडू म्हणाला.

उभ्या जन्मात या माणसाने केलेला हा पहिला विनोद. हसायला सगळ्यांना थोडा वेळ लागला. भंगारवाला उठून चपला हातात घेऊन गेला.

यानंतर फौजदार मवाळ झाला असं कुणाला वाटेल, तर वाटू दे. जित्याची खोड आहे ती. भिंत तशीच आहे, गॅसवाल्यांची आई तीच आहे. फक्त आता नवं मशीन आलं की तो आधी केबिनमध्ये मालकाच्या बायकोला बसवतो. लोक हसतात. तो त्यांना मूर्ख म्हणतो.

पण एक गोष्ट त्याला सोडत नाही. साडू नेहमी दार उघडं ठेवायचा. सुतळी बांधून ठेवायचा. का, ते त्याला सांगता येत नव्हतं, पण ठेवायचा. मग नेमकं त्या दिवशी दार बंद का केलं?

साडू पडला त्याच आठवड्यात, पडायच्या एक-दोन दिवस आधी, सुट्या भागांच्या दुकानात दोघे समोरासमोर आले होते. दुकान ड्रायव्हरांनी भरलेलं. फौजदारने साडूच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं होतं, "हे आमचे साडू! दार सताड उघडं आणि एसी चालू. उद्या झाकण काढून कुकर लावतील!" दुकान खो खो हसलं होतं. साडूही हसला होता. "बरोबर आहे तुमचं," म्हणाला होता.

फौजदारने त्याला एकदा सहज विचारलं, दार का लावलं होतं. साडू म्हणाला, धूळ होती. पुढे कधीतरी पुन्हा विचारलं. साडू म्हणाला, वारा होता. त्या दिवशी झाडाचं पान हललं नव्हतं, हे फौजदारने शेजारच्या शेतवाल्याला खोदून खोदून विचारून ठेवलेलं होतं. भल्याभल्यांना दहा मिनिटांत कबूल करायला लावणारा माणूस, आणि घरच्या एका ठोंब्यापुढे त्याचं काही चालेना.

हंगामाच्या शेवटी तो मुद्दाम शेतावर गेला. साडू एका कडेला मशीन थांबवून दाणे ट्रॉलीत ओतत होता. केबिनचं दार बंद. फौजदार पायऱ्या चढून वर गेला आणि काचेवर टकटक केली. साडूने दार उघडलं. आतली गार हवा फौजदारच्या तोंडावर आली.

"काय झालं?" साडूने विचारलं.

"काही नाही. हवा बघायला आलो." तो तसाच पायरीवर उभा राहिला, एक हात दाराच्या रबरावर. ट्रॉली भरत आली होती. मग साडूकडे न बघता, नेहमीच्याच खेकसण्याच्या सुरात त्याने विचारलं, "साडू, एकदा खरं सांगून टाका. त्या दिवशी कुठल्या शहाण्याचं ऐकून दार लावलंत?"